हिरव्या सळईच्या भानगडीत पडावं का? (घरबांधणी, परभणी जिल्हा)

दुधनाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. सेलूजवळ गावात घर काढलंय. जुनं माळवद पाडलं, पाया खोदून झाला. काळी माती दीड पुरुष खोल निघाली, पण तो रडका विषय पुन्हा कधीतरी.

लोखंड बघायला गेलो तर दुकानदारानं दोन ढीग दाखवले. एक आपली नेहमीची सळई. दुसरी हिरवीगार, पोपटासारखी. म्हणे ही इपॉक्सी कोटेड, शंभर वर्षं गंज नाही, मोठमोठ्या पुलांना हीच लागते. किलोला १४ रुपये जादा. मला साडेचार टन लागणार, म्हणजे ६३ हजारांचा फरक.

मिस्त्री म्हणतो, "घ्या मालक, घर एकदाच होतं." वडील म्हणतात, "आपलं माळवद नव्वद वर्षं उभं होतं, त्याच्या खांबांना कुणी हिरवा रंग दिला नव्हता." मी मधल्यामधे. भीती एवढ्यासाठी वाटते की शेजारच्या गल्लीत पंधरा वर्षांचं घर आहे, त्याच्या गॅलरीचा स्लॅब खालून फुगून पोपडे पडलेत, गज उघडे दिसतात. रोज त्याच्याखालून जातो.

कुणी वापरलीय का ही सळई? पैसे वसूल होतात का?

अळणीवरण (सोमवार, रात्री ९:५२)

घ्या की. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात तेवढीच हिरवळ.

जालन्याचा_सरिया (सोमवार, रात्री १०:१५)

मी जालन्यात रोलिंग मिलमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडं कोटिंग होत नाही, साधी सळईच निघते. त्यामुळं माझं बोलणं थोडं जपूनच घ्या.

खरी इपॉक्सी सळई म्हणजे रंग लावलेली सळई नव्हे. आधी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा करून सळईवरचा गंज, स्केल सगळं काढतात, लोखंड पांढरट चमकेपर्यंत. मग साधारण २३० अंशांपर्यंत तापवतात. त्या गरम सळईवर विद्युतभारित इपॉक्सी पावडर उडवतात. ती वितळते, पसरते, अंगाला धरते आणि लगेच पाण्यानं थंड करतात. लेपाची जाडी ०.१ ते ०.३ मिमी. यासाठी आयएस १३६२० हे १९९३ चं वेगळं भारतीय मानक आहे. सळईचं आयएस १७८६ वेगळं, लेपाचं हे वेगळं. म्हणून दुकानदाराकडं दोन सर्टिफिकेटं मागा. एक दाखवून "ह्यातच सगळं आलं" म्हणाला तर उठून चहा प्या आणि घरी या.

बाजारात ब्रशनं किंवा बुडवून ऑइलपेंट फासलेली सळईही "इपॉक्सी" म्हणून खपते. ढीग बघून कळत नाही.

खाडीपूल (सोमवार, रात्री ११:०५)

मूळचा नांदेडचा, गेली नऊ वर्षं कोकणात खाडीवरच्या पुलांवर आहे. हिरव्या सळईत हात घालून काम केलेला माणूस इथं मी एकटाच दिसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

चीज चांगली आहे, पण नवरीसारखी सांभाळावी लागते. ट्रकमधून उतरवताना साखळी नाही, नायलॉनचा पट्टा. जमिनीवर ओढायची नाही, खाली लाकडी ओंडके. बेंडिंग मशीनच्या रोलरला नायलॉनचं कव्हर. बांधायची तार प्लॅस्टिक चढवलेली. साधी काळी तार आवळली की लेपात घुसलीच म्हणून समजा. व्हायब्रेटरच्या सुईला रबरी टोपी. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक ओरखड्याला दोन डब्यांचं इपॉक्सी कालवून त्याच दिवशी लावायचं. आमच्याकडं दोन पोरं दिवसभर नुसती ब्रश घेऊन जाळीवरून फिरायची. एकानं तर फिटरच्या चपलांचे खिळे तपासायला सुरुवात केली होती.

एका कामावर डिझाइन बदललं आणि माल यार्डात उघड्यावर राहिला. एक उन्हाळा अन् एक पावसाळा. वरच्या बाजूचा हिरवा उडून खडूसारखा पांढुरका झाला, बोट फिरवलं की पावडर. सल्लागारानं सगळा लॉट परत पाठवला. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. अमेरिकी पद्धतीत दोन महिन्यांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवायची असेल तर झाकायलाच सांगतात.

तरी माझं मत: नीट वापरली तर फायदा आहे. खाडीत मी साधी सळई घालणार नाही.

बाराचा_गज (मंगळवार, सकाळी ६:२०)

मी फिटर हाय, हिंगोलीकडचा. खाडीपूल साहेब, तुमच्या साइटवर दोन पोरं ब्रश घेऊन फिरत्यात. आमच्या साइटवर दोन पोरं हायती ती मी अन् माजा भाचा. आमीच गज कापायचा, आमीच वाकवायचा, आमीच बांधायचा, अन् दुपारी त्याच जाळीवर बसून भाकर खायची. आठ एमएमची रिंग (उभ्या गजांभवतीचं कडं) लाकडी पाटावर खिळे ठोकून पान्यानं वाकवतो. हिरवा रंग तिथंच निम्मा पाटावर ऱ्हाईल. मालकाला सांगा.

अळणीवरण (मंगळवार, सकाळी ७:०१)

@बाराचा_गज पूर्ण धाग्यात आत्तापर्यंतचं एकमेव तांत्रिक मत.

निवृत्त_उपअभियंता (मंगळवार, सकाळी ८:३०)

पाटबंधारेत बत्तीस वर्षं काढली. या सळईची जन्मकथा माहीत असली की निर्णय सोपा होतो, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो, तो वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर पुलांच्या डेकमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या स्लॅबमध्ये, झिरपलं आणि दहा-पंधरा वर्षांत डेक फुटायला लागले. म्हणून १९७० च्या सुरुवातीला त्यांच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं चाळीसहून अधिक लेप तपासले, त्यात पावडर इपॉक्सी सरस ठरलं. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळच्या एका पुलाच्या डेकमध्ये ही सळई पहिल्यांदा वापरली. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेचं ए ७७५ हे मानक १९८१ चं.

आता दुसरी बाजू. फ्लोरिडात समुद्रातल्या बेटांना जोडणारे लांबच लांब पूल आहेत. त्यांच्या खांबांत हीच सळई घातली होती. १९८६ मध्ये, म्हणजे पूल होऊन पाच-सात वर्षं होतात न होतात तोच, लाटांचं पाणी उडतं त्या पट्ट्यात काँक्रीट फुटलेलं सापडलं. लेप हातानं सालीसारखा सुटत होता आणि खाली गंज. कारण असं की लेप कायम ओला राहिला तर त्याची लोखंडावरची पकड ढिली होते. मग एखाद्या ओरखड्यातून शिरलेलं खारं पाणी लेपाच्या आतून, अंगाअंगानं सरकत जातं. बाहेरून हिरवं, आतून काळं. पुढं फ्लोरिडानं ती वापरणं थांबवलं.

तेव्हा ही सळई एका विशिष्ट रोगावरचं औषध आहे. तो रोग म्हणजे बाहेरून येणारं मीठ.

अळणीवरण (मंगळवार, सकाळी ८:४४)

काका, म्हणजे परभणीत बर्फ पडायची वाट बघायची? आपल्याकडं बर्फ दोनच प्रकारचा. एक गोळेवाल्याचा आणि एक गारपिटीचा. दोन्हीवर मीठ टाकलेलं ऐकिवात नाही, दुसरा पडला की जखमेवर टाकतात तेवढंच.

खाडीपूल (मंगळवार, सकाळी ९:१०)

@निवृत्त_उपअभियंता सर, फ्लोरिडाचं उदाहरण सगळेच देतात, पण तिथंच थांबतात. ती सुरुवातीची सळई होती. नंतर मानक कडक झालं. लेपाची किमान जाडी १३० वरून १७५ मायक्रॉन केली. बारीक छिद्रं, ज्याला हॉलिडे म्हणतात, ती फुटाला दोन चालायची तिथं एक केली, म्हणजे मीटरला तीन. ती मोजायला ६७.५ व्होल्टचं यंत्र असतं, ओला स्पंज सळईवरून फिरवायचा, छिद्र आलं की यंत्र किंचाळतं. दुरुस्त केलेला भाग कुठल्याही एका फुटात १ टक्क्याच्या वर गेला की सळई बाद.

निवृत्त_उपअभियंता (मंगळवार, सकाळी ९:३५)

खाडीपूल, मान्य. पण मानक कडक झाल्यावरही व्हर्जिनिया राज्यानं पुढं पुलांसाठी ती सोडून गंजरोधक मिश्रधातूंच्या सळया धरल्या. दुसरीकडं अमेरिकेतलीच बरीच राज्यं अजून डेकसाठी वापरतात आणि समाधानी आहेत. डेक वाळतो, खांब सतत ओला राहतो, फरक तिथं पडत असावा असं माझं मत. आणि आपल्याकडं तो किंचाळणारा स्पंज कोणत्या घराच्या कामावर कुणी पाहिलाय?

दुधनाकाठ (मंगळवार, दुपारी १:१५)

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न तसाच. समुद्र नाही, बर्फ नाही, मीठ नाही, मग शेजारच्या गल्लीतली गॅलरी का फुगली? तिथं कुठून आला हा रोग?

मांजराकाठ (मंगळवार, दुपारी ४:५०)

मी लातूरची, स्ट्रक्चरल डिझाइन करते. दुधनाकाठ, तुमचा हा प्रश्न सळईच्या रंगापेक्षा जास्त कामाचा आहे.

काँक्रीटच्या आत सळई मुळात सुरक्षित असते. सिमेंटमुळं आतला सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या घरात असतो, त्यात लोखंडावर एक पातळ थर धरतो आणि गंज चढतच नाही. हा थर दोन गोष्टींनी मोडतो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून सामू नऊच्या आसपास आणतो. दुसरी, क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक. गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. जागा कुठली मिळणार? काँक्रीट फोडतो.

हवा सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात हे दोनच गोष्टींवर: काँक्रीट किती घट्ट आणि सळईवर त्याचं किती जाड पांघरूण, म्हणजे कव्हर. अंतर निम्मं केलं तर वेळ निम्मा नाही, साधारण पाव होतो. गॅलरीचा स्लॅब पावसात भिजतो, त्याला काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणं ३० मिमी कव्हर हवं. तुमच्या शेजाऱ्यांकडं पोपडा पडलेल्या जागी पट्टी लावून बघा. माझी पैज आहे, १० मिमीसुद्धा निघणार नाही.

आणि गॅलरीची जाळी वरच्या बाजूला हवी असते. कामगारांनी तुडवून खाली बसवली असेल तर खालून उघडी पडणारच. ती गॅलरी गंजाआधी वाकूनच पडेल, खालून जाणं बंद करा आधी!

आता क्लोराइडचं. समुद्र नाही हे खरं, पण पाणी कुठलं वापरताय?

बाराचा_गज (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

ताई बरोबर बोलल्या. कव्हर ब्लॉक (गजाखालचे ठोकळे) मागितले की मालक म्हनतो खडी लाव. खडी लावली की व्हायब्रेटरनं सटकती. मग गज सेंट्रिंगच्या पत्र्यावर झोपतो. सेंट्रिंग काढली की गजाची रेघ खालून दिसती, मग गवंडी गिलाव्यात झाकतो. मालकाला वाटतं लई सफाई झाली.

खतवाला (मंगळवार, रात्री ८:१२)

क्लोराइडवरून आठवलं. माझं खताचं दुकान आहे, मागं गोदाम. ज्या कोपऱ्यात लाल पोटॅशच्या गोण्या लावतो तिथल्या दोन कॉलमचा खालचा दोन फूट भाग दहा वर्षांत फुटला, बाकी गोदाम ठणठणीत. मी समजत होतो ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. नंतर एका अभ्यासू गिऱ्हाइकानं सांगितलं की म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडच. पावसाळ्यात गोणी घाम धरते, ते पाणी कॉलमच्या बुडाशी. म्हणजे मी समुद्र गोणीत भरून आणून कोपऱ्यात ठेवला होता. आता गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट लांब. ठेकेदाराची मनातल्या मनात माफी मागितली. (एकदाच. सिमेंट त्यानं खाल्लंच होतं, दुसरीकडं.)

उमरगेकर (मंगळवार, रात्री ९:२०)

विषयांतर होतंय, पण माळवदाचा विषय निघाला म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकूड आणि त्यावर फूट-दोन फूट माती. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी थोडी माती वाढवायची. ती सगळी अंगावर आली. तेव्हापासून आमच्याकडं लोकांना वाटतं, सळई घातली की घर पक्कं. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित अशा झोन एकमध्ये होता, पुढं २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात तिसऱ्यात आला.

दुधनाकाठ, वडिलांचं माळवद नव्वद वर्षं टिकलं कारण त्या नव्वद वर्षांत सेलूला किल्लारी झालं नाही. एवढंच.

मांजराकाठ (मंगळवार, रात्री १०:०५)

@उमरगेकर हे विषयांतर नाही. भूकंपात कॉलमची रिंग उघडू नये म्हणून तिचं टोक ९० अंशात न ठेवता १३५ अंशात आत वाकवायचं असतं. आता बाराचा_गज यांचा खिळ्यांचा पाट आठवा. आठ मिमीची लेप दिलेली सळई १३५ अंशात, त्या पाटावर! खऱ्या लेपाला वाकवल्यावर बाहेरच्या अंगाला डोळ्यांना दिसेल असा तडा जाता कामा नये, हीच त्याची परीक्षा असते. पाट आणि पान्यानं ती कुणीच पास होणार नाही. आणि कॉलममध्ये रिंगच सगळ्यात बाहेर असते, गंज पहिला तिलाच.

अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. लेप गुळगुळीत असतो, काँक्रीटची पकड कमी बसते. आयएस ४५६ मध्ये अशा सळईसाठी पकडीची किंमत ८० टक्केच धरायला सांगितली आहे. म्हणजे एम २० काँक्रीटमध्ये ५०० ग्रेडच्या १२ मिमी सळईला जिथं आत रुतलेली ६८० मिमी लांबी पुरते तिथं ८५० लागते. प्रत्येक जोडाला, प्रत्येक टोकाला. तुमचा नकाशा साध्या सळईवर काढलेला असेल आणि तुम्ही गुपचूप हिरवी घातली, तर ६३ हजार जादा देऊन घर कमजोर केलंत.

खाडीपूल (मंगळवार, रात्री १०:४०)

ताई, पकडीचा मुद्दा बिनतोड. पण "काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं" असं तरी म्हणाल की नाही? समजा चार-दोन ओरखडे राहिले, उरलेली ९५ टक्के सळई तर झाकलेली आहे.

मांजराकाठ (मंगळवार, रात्री ११:१०)

नाही म्हणणार. क्लोराइड आलं असेल तर सगळी उघडी सळई सगळीकडं थोडीथोडी गंजते. एकाच ठिकाणी उघडी असेल तर सगळा जोर तिथंच लागतो, खड्डा पडतो. त्यात भर म्हणजे लोक काय करतात, पैसे वाचवायला वरची जाळी हिरवी आणि खालची साधी घेतात. तार आणि खुर्च्यांमधून (वरची जाळी उचलून धरणारे वाकवलेले गज) दोन्ही जोडलेल्या असतात. मग वरच्या ओरखड्याला खालची अख्खी उघडी जाळी मदत करते, गंजायला. आयआयटी मद्रासमध्ये आपल्याकडच्या साइटच्या पद्धतींवर आणि उन्हानं लेपाला पडणाऱ्या सूक्ष्म भेगांवर काम झालंय, त्याचाही रोख हाच: नीट सांभाळता येत नसेल तर भरवसा ठेवू नका.

खाडीपूल (मंगळवार, रात्री ११:१८)

ठीक. खाडीसाठी माझं मत कायम, सेलूसाठी मागं घेतो.

अळणीवरण (मंगळवार, रात्री ११:२५)

मराठी संस्थळावर कुणीतरी मत मागं घेतलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

दुधनाकाठ (शनिवार, दुपारी २:३०)

मंडळी, तीन-चार दिवस गायब होतो, पण रिकामा नव्हतो.

दुकानदाराकडं दोन सर्टिफिकेटं मागितली. सळईचं दाखवलं. लेपाचं "कंपनीतून येईल". हिरव्या सळईचा हातभर तुकडा मागून घेतला, गावातल्या लोहाराकडं वाकवला. बाहेरच्या बाजूला रंगाची खपली उडाली, खाली तांबूस गंज तसाच. म्हणजे ब्लास्टिंग वगैरे काही नाही, गंजावरच रंग. वडिलांनी तो तुकडा घेतला आणि म्हशीच्या दाव्याला खुंटा म्हणून ठोकला.

@मांजराकाठ, तुम्ही पाण्याचं विचारलं होतं. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, चहा फाटतो कधीकधी. बांधकामासाठी मिस्त्रीनं एक शक्कल काढली होती. गावात जारचा आरओ प्लँट आहे, त्याचं वाया जाणारं पाणी नालीत जातं, ते पाइप टाकून फुकट आणायचं. काँक्रीट कालवायलाही आणि मारायलाही. मला तर पाणीबचत म्हणून कौतुकच वाटलं होतं. तुमच्या प्रश्नामुळं दोन्ही बाटल्या परभणीला तपासायला दिल्या. क्लोराइड: बोअर ६४० मिलिग्रॅम लिटरला, प्लँटचं वाया पाणी ११९०.

मांजराकाठ (शनिवार, दुपारी ३:०५)

सळई असलेल्या काँक्रीटसाठी मर्यादा ५०० आहे. सळई नसेल तर २०००. तुमचं बोअरच बसत नाही, आणि आरओचं वाया पाणी म्हणजे बोअरचंच मीठ आटवून दिलेलं. गोड पाणी जारमध्ये, मीठ तुमच्या स्लॅबमध्ये! वरून मारायलाही ते नको. मेच्या उन्हात पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. दोन आठवडे.

शेजारच्या गल्लीतल्या घरानं कुठलं पाणी वापरलं होतं ते विचारा.

दुधनाकाठ (शनिवार, दुपारी ३:२०)

विचारलं. तेव्हा प्लँट नव्हता. बोअरचंच, त्याच पट्ट्यातलं. आणि पट्टी लावली ताई, पैज तुम्ही जिंकलात. ८ मिमी, गिलाव्यासकट.

निवृत्त_उपअभियंता (शनिवार, संध्याकाळी ५:४५)

बोअर आणि विहिरीच्या पाण्यात आपल्याकडं जमीन-अस्मानाचा फरक असतो. नदीकाठच्या, पावसानं भरणाऱ्या विहिरीचं तपासून पाहा, बहुतेक बसेल. टँकर आणलात तर तो कुठून भरतो ते विचारा, नाहीतर टँकरवाला तुमच्याच शेजारच्या बोअरवर भरून आणेल. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळात आमच्या ओळखीच्या दोन घरांचे स्लॅब मिळेल त्या पाण्यावर झाले. माणसाला प्यायला नाही तिथं स्लॅबचं कोण बघणार. त्या दोन्ही घरांकडं मी अजून संशयानं बघतो.

आणि पाणी मारायचे दिवस मोजा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल, बहुतेक असणारच, तर कोरड्या उष्ण हवेत १४ दिवस. "सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला" याला क्युरिंग म्हणत नाहीत. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा.

जालन्याचा_सरिया (शनिवार, रात्री ८:१०)

सळई साधी घ्या पण ५०० डी घ्या. डी मध्ये गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत, साध्या ५०० ला ०.०५५ चालतं. ताण सोसून लांबायची क्षमता डी ची किमान १६ टक्के, साध्याची १२. उमरगेकरांनी सांगितलेल्या रात्रीसाठी हा फरक आहे. पिवळसर-तांबूस हलका गंज असला तर घाबरू नका, तारेच्या ब्रशनं जातो. खपल्या निघत असतील तर घेऊ नका. आणि काट्यावर वजन करा. १२ मिमीचा मीटर ०.८८८ किलो भरला पाहिजे.

खतवाला (शनिवार, रात्री ८:३०)

माझ्या फुटलेल्या कॉलमना मग झिंक लावलेली सळई वापरू का? एकानं सुचवलंय.

मांजराकाठ (शनिवार, रात्री ९:१५)

@खतवाला जस्ताच्या सळईला आयएस १२५९४ आहे. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं, इपॉक्सीला ते जमत नाही. पण तुमच्या कॉलममध्ये आता क्लोराइड मुरलंय. बाधित काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढल्याशिवाय नवीन सळईचा उपयोग नाही, कुठलीही असो. कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

दुधनाकाठ (पुढचा रविवार, रात्री १०:००)

शेवटचा हिशोब. ५०० डी घेतली, साधी. ६३ हजारांतले चार हजार सिमेंटच्या कव्हर ब्लॉकवर गेले: पायाला ५० मिमी, कॉलमला ४०, गॅलरीला ३०. मामाच्या विहिरीचं पाणी तपासलं, २१० निघालं, तिथून आणायचं ठरलंय. त्याचा ट्रॅक्टरचा खर्च मोठा आहे, तरी निम्म्याहून जास्त पैसे उरतात. उरलेल्यात मिक्सर आणि नीडल व्हायब्रेटर भाड्यानं.

मिस्त्री रुसलाय. फुकटचं पाणी सोडून विकतचं आणतो म्हणून गावभर सांगत फिरतोय. काल तर कव्हर ब्लॉक हातात घेऊन म्हणाला, "मालक, हे आता खायचं का डोक्यावर ठेवायचं?"

बाराचा_गज (पुढचा रविवार, रात्री १०:२०)

दादा, स्लॅब कधी हाय ते सांगा. मी येतो एक दिस. गॅलरीची जाळी मी बसवतो, खुर्च्या लावून, अन् वर फळ्या टाकून. तुमचा मिस्त्री जाळीवर पाय ठेवतो का बघतोच.

अळणीवरण (पुढचा रविवार, रात्री १०:२४)

स्लॅबच्या जेवणाला काय आहे? मीही पाणी मारायला येतो.

दुधनाकाठ (पुढचा रविवार, रात्री १०:४०)

@बाराचा_गज दादा, येत्या गुरुवारी, पहाटे पाचला सुरू करतोय, ऊन चढायच्या आत. भाच्यालाही आणा. @अळणीवरण मटण आहे. वरण अळणी नसेल. १४ दिवस राहावं लागेल मात्र.